घरच्या सोलरसाठी बॅटरीचा मेन स्विच कसा निवडायचा

लाल चावीचा एक स्विच मी मुद्दाम जपून ठेवलाय. त्याच्या तोंडावर ठसठशीत '२०० अँपिअर' कोरलेलं आहे. माझ्या ४८ व्होल्टच्या सिस्टिमवर तो जेमतेम दीड वर्ष टिकला. खोलून पाहिला तेव्हा आतल्या तांब्याच्या चकतीची एक कड खाल्लेली होती, कडेला वितळलेल्या धातूचे काळपट मणी चिकटले होते आणि मागच्या बोल्टाभोवतीचं प्लास्टिक तपकिरी होऊन फुगलं होतं. त्यातून २०० काय, १२० अँपिअरसुद्धा कधी गेला नव्हता. स्विचच्या पाठीवर बारीक अक्षरांत 'कमाल २४ व्होल्ट डीसी' असं छापलेलं होतं, ते मी विकत घेताना वाचलंच नव्हतं.

तेव्हापासून स्विच हातात घेतला की मी दोन वेगळे प्रश्न विचारतो. बंद न करता तो किती करंट वाहून नेईल? आणि करंट चालू असताना तो किती व्होल्टला तोडू शकेल? दुकानात, जाहिरातीत, स्विचच्या तोंडावर मोठ्या आकड्यात लिहिलेलं असतं ते पहिल्या प्रश्नाचं उत्तर. आग लागते ती मात्र बहुतेक वेळा दुसऱ्या प्रश्नाकडे दुर्लक्ष केल्यामुळे.

इथे जे सांगतोय ते १२, २४ आणि ४८ व्होल्टच्या घरगुती बॅटरी बँकसाठी आहे. शंभर व्होल्टच्या वरच्या हाय-व्होल्टेज बॅटऱ्यांना निर्मात्यानं ठरवून दिलेलाच डिस्कनेक्ट स्विच वापरायचा आणि तो बसवायचा प्रशिक्षित माणसानं. त्या वाटेला आपण जायचं नाही.

स्विच उघडतो तेव्हा आत काय होतं

घरातल्या एसी विजेचा करंट ५० हर्ट्झला सेकंदातून १०० वेळा शून्यावर येतो. स्विच उघडताना ठिणगी पडली तरी सेकंदाच्या पुढच्या शंभराव्या भागात ती आपसूक विझायची संधी मिळते. बॅटरीच्या डीसी करंटला अशी विश्रांती नाही. संपर्क दूर व्हायला लागले की मधल्या हवेतून करंट वाहतच राहतो, हवा तापून वाहक बनते आणि आर्क पेटतो. त्याचं तापमान हजारो अंशांत असतं. तांबं १०८५ अंश सेल्सिअसला वितळतं.

तांब्याच्या किंवा चांदीच्या संपर्कांमध्ये आर्क टिकून राहायला साधारण १२ ते १३ व्होल्ट तरी लागतात. म्हणून १२ व्होल्टच्या सिस्टिममध्ये अगदी साधा स्विचही बऱ्याचदा निभावून नेतो, कारण आर्कला जगायला पुरेसं व्होल्टेजच उरत नाही. २४ ला स्विच थोडा ताणला जातो. ४८ ला मात्र आर्कला चांगलं खाद्य मिळतं आणि काही मिलिमीटरच्या फटीतही तो जळत राहतो. गाडीसाठी बनवलेला स्विच घरच्या ४८ व्होल्टवर का जळतो, याचं उत्तर इथे आहे.

पहिली पायरी: बॅटरीचं खरं व्होल्टेज लिहून काढा

बॅटरीवर ४८ लिहिलंय म्हणून ४८ धरू नका. लिथियम आयर्न फॉस्फेटच्या १६ सेलच्या बॅटरीचं नाममात्र व्होल्टेज ५१.२ असतं आणि पूर्ण चार्ज होताना ते ५८.४ पर्यंत जातं, म्हणजे प्रत्येक सेल ३.६५. लेड-ॲसिडच्या ४८ व्होल्ट बँकला इक्वलायझेशन चार्ज (सगळे सेल सारखे करायला अधूनमधून दिलेला जादा व्होल्टेजचा चार्ज) देताना आकडा ६२ च्या आसपास जाऊ शकतो. आठ सेलच्या लिथियम बॅटरीसाठी हाच वरचा आकडा २९.२, चार सेलसाठी १४.६.

स्विचचं डीसी व्होल्टेज या वरच्या आकड्यापेक्षा जास्तच हवं. माझा नियम: ४८ व्होल्टच्या बँकला किमान ८० व्होल्ट डीसी रेटिंग. 'कमाल ४८ व्होल्ट' लिहिलेला स्विच पूर्ण चार्ज झालेल्या बॅटरीवर त्याच्या मर्यादेबाहेर चालतो. तो कितीही दणकट दिसला तरी परत ठेवा.

दुसरी पायरी: करंटचा हिशेब

इथे चूक होते ती इन्व्हर्टरच्या वॅटला थेट ४८ ने भागण्याची. बॅटरी उतरलेली असते तेव्हाच करंट जास्त ओढला जातो, आणि इन्व्हर्टरमध्ये थोडी ऊर्जा वाया जाते. म्हणून खालचं व्होल्टेज घ्या आणि कार्यक्षमता ९० टक्के धरा.

समजा ५००० वॅटचा इन्व्हर्टर आहे आणि तो ४६ व्होल्टला बंद होतो. ५००० भागिले (४६ गुणिले ०.९), म्हणजे साधारण १२१ अँपिअर. त्यावर २५ टक्के वाढवा: १५१. हाच हिशेब २४ व्होल्टच्या बँकवर करा. ३००० वॅट, २२ व्होल्ट, म्हणजे वाढ न धरताच १५१ अँपिअर आणि वाढ धरून १९० च्या जवळ. लहान इन्व्हर्टरला लहान स्विच पुरेल असं वाटतं, पण कमी व्होल्टेजच्या सिस्टिममध्ये ते खरं ठरत नाही.

ही २५ टक्के वाढ नुसती सावधगिरी म्हणून नाही. सिंगल फेज इन्व्हर्टर बॅटरीतून सरळ रेषेत करंट ओढत नाही. ५० हर्ट्झच्या आउटपुटसाठी तो सेकंदाला १०० हिसके देतो. मीटरवर सरासरी १२१ दिसत असेल तेव्हा तारा आणि संपर्क तापवणारा परिणामी करंट त्याहून बराच जास्त असू शकतो. शिवाय ब्रेकरचं (करंट मर्यादेबाहेर गेला की आपोआप उडणाऱ्या स्विचचं) रेटिंग एका ठरावीक तापमानाला दिलेलं असतं, बरेचदा ३० किंवा ४० अंशांना. बंद डब्यात शेजारी शेजारी बसवलेले ब्रेकर एकमेकांना तापवतात आणि त्यांची खरी क्षमता उतरते. वरच्या उदाहरणात मी १६० वर न थांबता २०० अँपिअरचा स्विच घेतला असता. चार्जिंगचा करंट डिस्चार्जपेक्षा मोठा असेल तर अर्थातच हिशेब त्याचा करायचा.

तिसरी पायरी: शॉर्ट सर्किटचा विचार, आणि फ्यूज

नुसता स्विच शॉर्ट सर्किटपासून वाचवत नाही. तो हातानं फिरवायचा असतो, आणि शॉर्ट झाल्यावर हात तिथे पोचेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून बॅटरी, मग फ्यूज, मग स्विच हा क्रम. फ्यूज बॅटरीच्या अधिक टर्मिनलच्या जितका जवळ बसेल तितका चांगला, कारण टर्मिनल आणि फ्यूज यांच्यामधली केबल कुणाच्याच संरक्षणाखाली नसते.

शॉर्टमध्ये करंट किती जाईल याचा अंदाज घरीच काढता येतो. मोठ्या लिथियम सेलचा अंतर्गत रोध सुमारे पाव मिलिओहम धरा. सोळा सेलचे ४ मिलिओहम झाले. पट्ट्या, बीएमएस (बॅटरीवर लक्ष ठेवून गरज पडली की तिला बंद करणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट) आणि केबलचे आणखी ४ धरून एकूण ८. आता ५१.२ भागिले ०.००८ करा: ६४०० अँपिअर. अशा दोन बॅटऱ्या समांतर जोडल्या की आकडा दुपटीकडे जातो.

हा आकडा समोर ठेवून बाजारातले फ्यूज बघा. गाड्यांमध्ये दिसणारे एएनएल आणि मेगा प्रकारचे पट्टीचे फ्यूज बहुतेक ३२ व्होल्टपर्यंतच प्रमाणित असतात. ४८ च्या बँकवर शॉर्ट झाल्यावर त्यातली पट्टी वितळते, पण आर्क विझतोच असं नाही. क्लास टी प्रकारचा फ्यूज मात्र १२५ व्होल्ट डीसीला २०,००० अँपिअरपर्यंतचा शॉर्ट तोडण्यासाठी बनवलेला असतो. लिथियमसाठी माझी पहिली पसंती त्यालाच. एनएच प्रकारचे, दोन्ही टोकांना सुरीसारखी पाती असलेले औद्योगिक फ्यूजही उत्तम, फक्त त्यांच्यावर डीसी व्होल्टेज वेगळं छापलंय ना ते बघून घ्या. फ्यूजचा आकडा हिशेबातल्या करंटपेक्षा वर आणि केबलच्या क्षमतेपेक्षा खाली हवा. दोन्हींत बसणारा फ्यूज मिळत नसेल तर केबल जाड करा, फ्यूज मोठा करू नका.

बॅटऱ्या एकापेक्षा जास्त समांतर असतील तर प्रत्येकीला स्वतंत्र फ्यूज आणि स्वतंत्र स्विच लागतो. एका बॅटरीत बिघाड झाला तर बाकीच्या सगळ्या मिळून तिच्यात करंट ओततात.

चौथी पायरी: कुठल्या जातीचा स्विच

आता मुख्य निवड. चार-पाच प्रकार समोर येतात.

चावीचा किंवा मुठीचा फिरता स्विच गाड्या आणि बोटींसाठी बनतो. १२ व्होल्टला, आणि रेटिंग असेल तर २४ लाही, चांगल्या प्रतीचा स्विच ठीक आहे. ४८ साठी बनवलेले दणकट स्विचही मिळतात, पण त्यातले अनेक लोड बंद असतानाच फिरवायचे असतात. माहितीपत्रकात 'लोडवर तोडण्याची क्षमता' दिलेली नसेल तर ती नाही असंच समजायचं.

घरातला साधा एसी एमसीबी, म्हणजे छोटा ब्रेकर, बॅटरीवर लावलेला मी इतक्यांदा पाहिलाय की त्याबद्दल थोडं जास्त लिहितो. त्याच्या तोंडावर 'सी ६३' असतं, खाली २४० किंवा ४१५ व्होल्ट आणि पुढे छोटी नागमोडी रेघ. चौकटीत ६००० लिहिलेलं असतं. ती नागमोडी रेघ म्हणजे एसी. ते ६००० अँपिअर एसीला, शून्यातून जाणाऱ्या करंटला तोडायचे आहेत. डीसीला आडवी सरळ रेघ आणि तिच्याखाली तुटक रेघ अशी खूण असते, आणि ती नसेल तर आकडे कितीही मोठे असोत, हा ब्रेकर बॅटरीवर लावू नका. रोज नीट चालू-बंद होतो, म्हणून लोकांचा विश्वास बसतो. त्याची परीक्षा होते ती शॉर्ट होईल त्या दिवशी.

डीसी एमसीबीतही एक खोच आहे. स्वस्त डीसी एमसीबीमध्ये आर्क बाजूला ओढायला आत लोहचुंबक असतो. चुंबक आर्कला एकाच दिशेला ढकलतो, म्हणून अशा ब्रेकरवर अधिक-उणेच्या खुणा असतात आणि करंट ठरावीक दिशेनंच जायला हवा असतो. सोलर पॅनलकडून करंट एकाच बाजूनं येतो, तिथे हे चालतं. बॅटरीत मात्र दिवसा करंट आत येतो आणि रात्री बाहेर जातो. उलट्या दिशेच्या करंटवर असा ब्रेकर उघडला तर चुंबक आर्कला विझवायच्या जाळीकडे न नेता उलटीकडे ढकलतो आणि ब्रेकर आतून पेटतो. बॅटरीसाठी ब्रेकर घ्यायचा तर तो ध्रुवता नसलेलाच घ्या, म्हणजे ज्यावर अधिक-उणे नाही आणि माहितीपत्रकात दोन्ही दिशांना चालतो असं स्पष्ट लिहिलंय.

१०० अँपिअरच्या वरच्या घरगुती बँकला मला सगळ्यात समाधानकारक वाटतो तो डीसी रेटिंगचा एमसीसीबी, म्हणजे मोठा औद्योगिक ब्रेकर. मोठं शरीर, मोठे संपर्क, लोडवर तोडायची क्षमता, आणि शॉर्ट झाल्यावर आपोआप उडणं. काहींमध्ये जास्त व्होल्टेजसाठी दोन-तीन पोल (ब्रेकरमधले वेगवेगळे संपर्क) एकामागे एक जोडायचे असतात. ती जोडणी निर्मात्याच्या आकृतीप्रमाणेच करा. करंट वाढवायला दोन पोल समांतर जोडण्याची क्लृप्ती मात्र निर्मात्यानं परवानगी दिली नसेल तर करू नका. करंट दोघांत सारखा वाटला जात नाही. दुसरा तितकाच चांगला पर्याय म्हणजे एनएच फ्यूज बसणारा, खटका ओढून उघडणारा फ्यूज-स्विच. फ्यूज आणि आयसोलेटर (सर्किट पूर्ण वेगळं करणारा स्विच) एकातच मिळतात.

पॅनलसाठी मिळणारा फिरत्या मुठीचा डीसी आयसोलेटर इथे आणू नका. तो शेकडो व्होल्ट सांभाळतो, पण करंट बहुधा ३२ अँपिअरच्या आसपास.

आणि बीएमएस? बीएमएस बॅटरी बंद करतो ते इलेक्ट्रॉनिक ट्रान्झिस्टरनं. ते खराब होतात तेव्हा बरेचदा शॉर्ट होऊनच खराब होतात, म्हणजे चालूच राहतात. मधे हवेची फट नसेल तर त्याला आयसोलेशन म्हणता येत नाही. केबलला हात लावण्याआधी बीएमएसच्या बंद दिव्यावर विसंबू नका.

लेबल वाचताना

स्विच-आयसोलेटरसाठी आयईसी ६०९४७-३ आणि औद्योगिक ब्रेकरसाठी आयईसी ६०९४७-२ हे मानक लेबलवर शोधा. लेबलवर दोन व्होल्टेज असतात. एक इन्सुलेशनचं, ते मोठं, ८०० किंवा १००० असं. ते फक्त प्लास्टिक किती सहन करेल ते सांगतं. दुसरं काम करण्याचं व्होल्टेज, आणि आपल्याला तेच हवं, तेही डीसीचं.

त्याशेजारी वापराचा वर्ग असतो. डीसी-२० म्हणजे लोड नसतानाच उघड-बंद करायचा. डीसी-२१ म्हणजे साधा रोधक लोड तोडता येतो, डीसी-२२ म्हणजे मिश्र लोड. शेवटी ए असेल तर वारंवार वापरासाठी, बी असेल तर क्वचित वापरासाठी. घरच्या बॅटरीला डीसी-२१बी किंवा त्याहून वरचा वर्ग घ्या. डीसी-२० स्वस्त असतो, पण इन्व्हर्टरमधून धूर येत असताना 'आधी लोड बंद करू' एवढी सवड मिळत नाही.

लेबलवरची छोटी आकृतीही बोलते. उघड्या स्विचच्या तिरप्या रेघेच्या टोकाजवळ नुसती आडवी दांडी असेल तर तो फक्त आयसोलेटर. दांडीसोबत गोल असेल तर लोडवर तोडणारा आयसोलेटर. फुली असेल तर ब्रेकर.

एक पोल की दोन

बॅटरीचं उणे टोक जमिनीला जोडलेलं असेल तर फक्त अधिक बाजू तोडणारा स्विच पुरतो, आणि अर्थ केलेली उणे तार एकटी तोडायची नाही. दोन्ही टोकं जमिनीपासून मोकळी असतील तर दोन्ही एकाच खटक्यानं तोडणारा दोन पोलचा स्विच घ्या. आपली सिस्टिम कुठल्या प्रकारची आहे ते इन्व्हर्टरच्या पुस्तिकेत बघा.

जागा आणि जोडणी

स्विच लेड-ॲसिड बॅटरीच्या डोक्यावर किंवा तिच्या बंद कपाटात बसवू नका. चार्जिंगमध्ये निघणारा हायड्रोजन हलका असतो, वर साठतो आणि हवेत त्याचं प्रमाण ४ टक्के झालं की ठिणगीनं पेटतो. बॅटरीपासून बाजूला, छातीच्या उंचीवर, सामान न हलवता हात पोचेल अशा ठिकाणी स्विच हवा. मागे न जळणारी पाटी हवी. बंद स्थितीत कुलूप घालता येणारा मिळाला तर जरूर घ्या, म्हणजे कुणी काम करत असताना दुसरं कुणी चालू करणार नाही.

काम करताना अंगठी आणि घड्याळ काढून ठेवा, चष्मा घाला, पान्याच्या दांड्याला टेप गुंडाळा. ४८ व्होल्टचा झटका सहसा जाणवत नाही, पण दोन टर्मिनलवर आडवा पडलेला पाना क्षणात लाल होतो.

बोल्टावर आधी लग (केबलच्या टोकाचं तांब्याचं कडं) बसवायचा, तांब्याला तांबं थेट टेकलं पाहिजे. वॉशर त्याच्यावर, मग स्प्रिंग वॉशर, मग नट. लगच्या खाली स्टीलचा वॉशर घातलेला मी अनेक ठिकाणी पाहिलाय. सगळा करंट मग त्या स्टीलमधून जातो. नट निर्मात्यानं दिलेल्या टॉर्कलाच आवळा.

पहिल्यांदा चालू करताना: प्रीचार्ज

इन्व्हर्टरच्या आत मोठे कपॅसिटर असतात. ते रिकामे असताना मुख्य स्विच चालू केला की एका क्षणात प्रचंड करंट आत धावतो, 'टक्' असा आवाज येतो आणि स्विचच्या संपर्कावर एक खड्डा पडतो. दरवेळी एक. माझ्या जुन्या स्विचची कड ज्या खड्ड्यांनी खाल्ली, त्यातले काही नक्की यानंच पडलेले.

उपाय सोपा आहे: कपॅसिटर आधी हळूहळू भरायचे, यालाच प्रीचार्ज म्हणतात. मुख्य स्विचच्या दोन टोकांवर समांतर एक ५० ओहम, २५ वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर, एक दाबायचं बटण आणि २ अँपिअरचा छोटा डीसी फ्यूज. इन्व्हर्टर त्याच्या बटणानं बंद ठेवून प्रीचार्जचं बटण दाबलं की सुरुवातीला जेमतेम १ अँपिअर जातो. कपॅसिटर १०,००० मायक्रोफॅरड असतील तर अडीच-तीन सेकंदांत ते भरतात. मुख्य स्विचच्या दोन टोकांवर मीटर लावला असेल तर आकडा ५१ वरून काही व्होल्टांपर्यंत उतरताना दिसतो. उतरला की मुख्य स्विच चालू करा, मग बटण सोडा. आकडा उतरतच नसेल तर पुढे काही शॉर्ट आहे किंवा लोड चालू आहे, तिथे थांबा. या बटणामुळे एक वाट समांतर राहते, म्हणून काम करायला बसताना तो छोटा फ्यूजही काढून ठेवा.

बंद करण्याचा क्रम

आधी घरचा लोड, मग पॅनलकडचा आयसोलेटर, मग इन्व्हर्टर, शेवटी बॅटरी. चालू करताना बरोबर उलट. पॅनल चार्ज करत असताना बॅटरी अचानक तोडली तर चार्ज कंट्रोलरकडून येणारी ऊर्जा जायला जागाच उरत नाही, व्होल्टेज उसळतं आणि काही कंट्रोलर आणि इन्व्हर्टर त्यात मरतात. हा क्रम मोठ्या अक्षरांत लिहून स्विचशेजारी चिकटवा. घरातल्या प्रत्येकाकडून एकदा करून घ्या, तुम्ही घरी नसताना त्यांनाच तो वापरायचा आहे. आग किंवा धूर असेल आणि स्विच सुरक्षित हाताशी असेल तर क्रम विसरून थेट बॅटरी तोडायची. लोडवर तोडणारा स्विच घेतला तो त्यासाठीच.

एक मोजमाप

बसवून झाल्यावर साधारण १०० अँपिअरचा लोड चालू ठेवा, मीटर मिलिव्होल्टवर लावा आणि टोकं स्विचच्या दोन्ही बोल्टांच्या माथ्यावर टेकवा. १० मिलिव्होल्ट म्हणजे ०.१ मिलिओहम, स्विचमध्ये १ वॅट उष्णता. छान. १०० मिलिव्होल्ट आले तर १० वॅट, आणि तोच स्विच १५० अँपिअरला २२ वॅटच्या वर तापेल, जवळपास २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नइतका, बंद डब्यात, तासन् तास. ब्रेकरमध्ये आतल्या कॉइलमुळे आकडा थोडा जास्त येतो, म्हणून माहितीपत्रकात दिलेल्या पॉवर लॉसशी ताडून बघा. मग एक टोक बोल्टावर आणि दुसरं लगवर टेकवून तोच करंट असताना पुन्हा मोजा. इथे एक-दोन मिलिव्होल्टच्या वर काही दिसलं तर लोड उतरवा, बॅटरी तोडा, नट सोडून पृष्ठभाग घासा आणि परत आवळा.

आलेले आकडे, लोडचा करंट आणि तारीख डब्याच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहा. पहिल्या महिन्यात एकदा पुन्हा मोजा, कारण नव्या जोडण्या तापून-निवून सैल होतात. नंतर सहा महिन्यांनी एकदा. माझ्या दारावर आता पाच ओळी आहेत: ९, ९, १०, १०, ११. यंदा १८ आला असता तर मी त्याच दिवशी पाना घेतला असता.